हद्दीवरचे पांढरे दगड

प्रिय सुभद्रा,

भाड्याच्या खोल्या बदलत म्हातारे होत चाललेले तू आणि मी, आपलं गाऱ्हाणं एकच: ज्या देशाच्या सीमेवर मी उभा राहिलो, त्या देशात आपल्याला चूल मांडायला हक्काची जागा नाही. माजी सैनिकांच्या प्रत्येक सभेत मी हे गरजून सांगितलं. आणि आता सरकारकडून प्लॉट मंजूर झालाय! रिंगरोडच्या पलीकडे, दोघांच्या नावावर. मंगळवारी ताबा.

तू माहेरी आईच्या दुखण्यात अडकलेली, म्हणून रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या गेटवरची ड्यूटी संपवून मी एकटाच बघायला गेलो. नकाशात जागा मोकळी होती. कडेला एक टिनाचं घर दिसलं. ते शेजारच्या प्लॉटवर असेल असं वाटलं. फौजेतली सवय तुला ठाऊक आहे. नवी जागा मिळाली की आधी हद्दीवर दगड मांडायचे, चुन्याने रंगवायचे. तसेच मांडले. शेवटच्या बाजूला आलो तेव्हा कळलं, ते घर हद्दीच्या आत आहे.

तेवढ्यात घरातली म्हातारी, यमुताई, बाहेर आली. पांढरे दगड पाहून तिचा चेहरा उजळला. "मोजणी झाली का गा, भाऊ? म्हंजे आता आमाले या जागेचा पट्टा भेटते!" मला ती जागा नावावर करून देणारा सरकारी माणूस समजली. शेजारणीवर ओरडली, "काहून पाहून राहिली वं? चहा ठेव ना!" वस्ती जमली. साखर वाटली. माझ्याही हातावर ठेवली.

सुभद्रा, भरल्या मैदानात न अडखळणारा मी, ती जागा आपल्या नावावर झालीय हे न सांगता साखर खाऊन निघून आलो.

 प्लॉट देणाऱ्या कार्यालयातले साहेब म्हणतात, सह्या करा, झोपडं आम्ही हटवतो. आणि खरं सांगू? डोळे मिटले की त्या जागेवर मला तुझं स्वयंपाकघर दिसतं, पूर्वेच्या खिडकीचं. यमुताईचं घर दिसतच नाही. मला याचीच भीती वाटते.

फोनवर तुझा आनंद ऐकला असता तर हे बोलताच आलं नसतं, म्हणून तुझ्या भावाच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. दुसऱ्या जागेसाठी मी पुन्हा भांडेन. मिळेलच असं वचन देत नाही. पण ताब्याला दोघांच्या सह्या लागतात, आणि पेन पुढे आलं तर मी सही करून बसेन. मला आवर घालायला तूच आहेस. मंगळवारी नागपूरला येऊ नकोस.

तुझाच,
गिरिधर