लुंबिनीत बघण्यासारखं काही नाही

निपाणी,
फेब्रुवारी १९८३

लाडक्या शालूस,

तुझ्या आक्काचा जय भीम, आणि कागदावरूनच पाठीवर हात. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघत बसतेस? संकेश्वरात ऊसतोडीची धांदल असेल, म्हणजे तू चुलीपुढून हलत नसशील हे मला इथून दिसतंय. आम्ही सगळे खुशाल. आपली लेक अंजना बाळंतपणातून उठून हिंडूफिरू लागली. बाळाचं अंग भरलंय, पण संध्याकाळ झाली की ते तुझी मांडी शोधतं. (एवढंसं पोर काय शोधणार म्हणशील. पण माझ्या मांडीवर घेतलं की असं तोंड करतं, जणू मी नाक्यावरची जकातवाली आहे.)

परवा तुझा भरमू बाजाराला आला होता. चहा प्याला, बाळाला बघितलं आणि जाता जाता उंबऱ्यात उभा राहून तुझा निरोप दिला: "मावशे, आईनं सांगितलंय, खुशाली कळव, पर तिकडचं काय बी सांगू नको. मला ऐकायचं न्हाय म्हणाली." आम्ही परत आलो त्याच दिवशी तू पिशवी भरलीस आणि ऊस तोडायला आलाय म्हणून निघालीस (ऊस काय तुझ्यासाठी खोळंबला होता होय गं?), तेव्हाच मी समजले. तर तुझा शब्द मोडत नाही. चांगलं एक अक्षर लिहिणार नाही. पण फजिती सांगायला काय हरकत? फजितीवर तुझा हक्कच आहे, कारण हे परदेशाचं खूळ निघालं तुझ्याच डोक्यातून.

आठवतं का, तू अजून निपाणीतच होतीस तेव्हा सत्याप्पा गुरुजी हिंडलग्याहून भाषणाला आले होते, आणि भगवान बुद्ध जन्मले ती लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे आपल्या देशाबाहेर, असं म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी वखारीत तंबाखू निवडता निवडता तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "आक्का, मग आपुन परदेशाला जायाचं." बाया एवढ्या हसल्या की सगळ्या वखारीला ठसका लागला. आपण मात्र भिशी धरली. लुगड्याच्या दुकानापुढून आपण मान फिरवून जायचो, जसं काही दुकानदाराशी आपलं जुनं भांडण आहे. पोरांनी जत्रेत काहीही मागितलं की आपलं उत्तर एकच, "परदेश!" (भरमूला मोठा होईपर्यंत वाटत होतं की परदेश म्हणजेच 'न्हाय'.) अशी पोरांची लग्नं झाली, केस पिकले, तेव्हा कुठं गुरुजींनी जथ्याची तारीख धरली. आणि निघायला आठवडा राहिला असताना डॉक्टरीण म्हणाली, अंजनाला जागचं हलवू नका, जवळ जाणतं माणूस पाहिजे.

तेव्हा मी राहते म्हणाले होते, शालू. मनापासून म्हणाले होते. पण तोवर तू तुझी लुगडी पिशवीतून काढून दोरीवर टाकली होतीस. वर मलाच दटावलंस, "तू जा गं. दाजी एकटं गेलं तर गोरखपूर म्हणून सोलापुरातच उतरत्यात."

दाजींबद्दल तुझा अंदाज फारसा चुकला नाही. पहिली फजिती तर निपाणीतच. स्टँडवर हार घालून आम्हाला निरोप दिला, शेजारच्या मालुबाईनं विमानात भाकरी खाऊ देतात का म्हणून विचारलं, आणि गाडीच आली नाही. निरोप देऊन गेलेली माणसं बाजार करून परत आली तरी आम्ही गळ्यात हार घालून तिथंच. काहींनी दुसऱ्यांदा निरोप दिला, तोही मनापासून. शेवटी एका म्हशीनं तुझ्या दाजींचा हार खायला घेतला तेव्हा गाडी आली.

मिरजेहून पुढं गाड्या बदलत गेलो. तुझे दाजी सगळी वाट ट्रंकेवर बसून, चोर आला तर आधी मला उचलावं लागेल म्हणत. पुढं थंडी अशी पडली की त्यांनी आपले सगळे कपडे अंगात घातले, म्हणजे ट्रंक रिकामी झाली. पण राखण तशीच चालू. तुझी शेंगदाण्याची चटणी मात्र सगळ्या डब्याला पुरली.

आता सरहद्दीची गोष्ट. ही फक्त तुला सांगते. गुरुजींनी ठरवलं होतं की परदेशात पहिलं पाऊल सगळ्यांनी रांगेत उभं राहून, त्रिसरण म्हणून, एकदम टाकायचं, आणि उजवंच. पहाटे पोचलो तर धुकं असं, की स्वतःचा हात परका वाटावा. बाकीचे चहा पीत होते. मला चहाच्या आधीची घाई झाली होती. एका पोरीकडून टमरेल मागून घेतलं आणि अंदाजानं चालत गेले. परत वळले तर समोर पाटी. वाचते तर मोठ्या अक्षरात 'नेपाल'! शालू, परदेशात पहिलं पाऊल आमच्या जथ्यात मीच टाकलं, आणि ते हातात टमरेल घेऊन. मग गपचूप मागं आले, रांगेत उभी राहिले, त्रिसरण म्हटलं आणि गंभीर तोंडानं दुसऱ्यांदा परदेशात गेले. तुझे दाजी आता गावभर सांगत असतात, मी आणि तानी एकाच क्षणी परदेशात शिरलो. मी मान हलवते.

पण त्या पाटीनं मला चक्रावून सोडलं. आपल्या निपाणीच्या स्टँडवर पाटी कानडी, म्हणून ही गाडी संकेश्वरची की दुसरीकडची, हे मला शाळेतल्या पोरांना विचारावं लागतं. आणि त्या परक्या मुलखात दुकानं, दवाखाना, न्हाव्याची टपरी, सगळं आपल्याच बाराखडीत! अर्थ लागत नव्हता, पण वाचता येत होतं. मी रस्ताभर मोठ्यानं पाट्या वाचत चालले, लोक बघायला लागले. दाजींचं उलटं. त्यांच्या डोक्यात टोपीवाला म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे कानडी. तिथल्या पोलिसानं कुठून आलात विचारल्यावर त्यांनी हात जोडून, कचेरीत अर्ज द्यावा तशी चोख कानडी सुरू केली. तो बिचारा नेपाळी. त्यानं माकडटोपीतलं हे ध्यान वरून खाली बघितलं आणि हसून हातानं जा म्हणाला. दाजी मला म्हणतात, "बघितलंस? आपली भाषा कुटं बी चालतीया!"

आणि लुंबिनी? लुंबिनीत बघण्यासारखं काही नाही गं. सपाट रान, मोहरीची शेतं, एक तळं, एक दगडी खांब, एक जुनं देऊळ. आपल्या बाजूला याहून मोठी तळी आहेत. गुरुजी बोलत राहिले, धुक्यात ते दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. चहा पाकासारखा गोड. जथ्याचा फोटो काढला त्यात सगळे धुकं, एकटे तुझे दाजी स्पष्ट, आणि त्यांचे डोळे मिटलेले. पाय सुजले, ओठ फुटले. तेव्हा तुझं काही गेलं नाही. मन खाऊ नको. भरमूला आशीर्वाद, सुनेला सांग पोटाला नीट खा. गुडघ्याला तेल लाव.

तुझी आक्का,
तानीबाई

ता. क. : कोपऱ्यावरच्या दुकानातून खळ आणली, पाकीट चिकटवायला घेतलं, आणि हात पुढं जाईना.

शालू, वरचं खोटं नाही. पण ते पहिल्या दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. तळ्याचं पाणी उजळत गेलं, मोहरी अशी पिवळी झाली की बघवेना, आणि लांब, आभाळातच काहीतरी पांढरं उभं होतं. मला ढग वाटला. गुरुजी म्हणाले, तो हिमालय. मी चप्पल काढून तळ्याच्या पायरीवर बसले आणि शेजारी हात टाकला, तुझा हात धरायला. तिथं दगड होता.

मग तिथल्या भंतेजींनी हिंदीतून सांगितलं. महामाया बाळंतपणाला माहेरी निघाली होती, वाटेत इथंच कळा आल्या. सात दिवसांनी ती गेली. बाळ वाढवलं तिच्या बहिणीनं, गौतमीनं. मी विचारलं, महाराज, मग त्या मावशीची जागा कुठली? भंतेजी म्हणाले, इथं तिचं काही नाही, ती घरी होती.

त्यानंतर मला नीट काही दिसलं नाही, गं. त्याच दिवशी तू अंजनाच्या उशाशी बसून तिला कळा द्यायला सांगत होतीस, हे घरी आल्यावर कळलं.

आणखी ता. क. : आता कामाचं. पुढच्या थंडीत गुरुजी दुसरा जथा नेणार आहेत. मी आपल्या दोघींची नावं द्यायला गेले होते. गुरुजी म्हणाले, "तानीबाई, तुमी जाऊन आलाय, आता दुसऱ्याला जागा द्या." बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा तुझं एकटीचं नाव दिलंय. न्हाय म्हणू नको, परत घेता येत नाही (येतं, पण मी घेणार नाही). बाळ तोवर रांगायला लागेल, त्याच्या मागं मी आहे. तुझे दाजी म्हणतात, शालूसंगं मी जातो, मला वाट माहीत झालीय. त्यांना अजिबात नेऊ नको.

आणि परत आल्यावर लगेच ऊस तोडायला पळू नको. पायरीपासून हिमालयापर्यंत सगळं मला सांग. आक्कानं बघितलंय म्हणून काही गाळू नको. मी एकटीनं बघितलं ते बघितल्यासारखं झालेलंच नाही.