गाडीखालचं हिरवं डबकं

२ तारीख, सोमवार, सकाळ
रात्रभर उभी असलेली गाडी. चावी फिरवली की काटा लगेच लालवर, फॅन भणभणतो. टेम्परेचर सेन्सर गेला, दुसरं काही नाही. बायको म्हणाली, मेकॅनिककडे न्या. मी विचारलं, मेकॅनिकला काय शिंगं असतात?

३ तारीख
सेन्सरला मीटर लावून आधी थंड, मग उकळत्या पाण्यात बुडवला. (दुधाचं भांडं वापरलं. बायकोला सांगायचं नाही.) रीडिंग जागचं हलेना. निदान अचूक. खरं तर मी डॉक्टरच व्हायला हवं होतं.

५ तारीख, गुरुवार
नवा सेन्सर बसवला. सोबत तांब्याचा वॉशर होता, तो खिशात टाकला. आवळणारा हात मजबूत असेल तर वॉशर कशाला? इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट ओतलं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचली नाहीत, ती नवशिक्यांसाठी. काटा मधोमध. यापुढे घरातलं प्रत्येक यंत्र मीच दुरुस्त करणार.

७ तारीख
गाडीखाली हिरवट ओलं. शेजारच्या काकूंचा ढब्बू तिथेच उभा. काकूंना या म्हाताऱ्या कुत्र्याशिवाय कोणी नाही, मान्य. म्हणून त्याने माझ्या गाडीखाली मुतावं? बायको म्हणते, अहो, गाडीच गळत असेल. माझी फिटिंग गळत नाही.

९ तारीख, सोमवार
ढब्बू डबकं चाटताना सापडला. चोर तो चोर, वर पुरावा नष्ट करतो. काकूंना स्पष्ट सांगितलं, लघवी हिरवी म्हणजे किडनीचा आजार, डॉक्टरांना दाखवा. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, कालपासून झोकांड्या खातोय रे, तुला कसं कळलं? म्हटलं, निरीक्षण.

१० तारीख
काटा पार तळाशी. इंजिन इतकं थंड कधीच नव्हतं. डबकंही बंद, ढब्बूला घरात ठेवलंय ना.

११ तारीख
ढब्बू गेला. डॉक्टर म्हणाले, किडन्या निकामी. माझं निदान पुन्हा बरोबर. बायकोला हे सांगितलं तर भरल्या ताटावरून उठून गेली. काकूंना मात्र 'तरी मी सांगत होतो' असं म्हणालो नाही. तेवढी माणुसकी आहे.

१४ तारीख, शनिवार
गाडी भर रस्त्यात बंद. जळका वास, आणि काटा तळाशीच. आत कूलंटचा थेंब नाही. सेन्सर नुसत्या हवेत, तो थंडच दाखवणार. डिकीतला डबा काढला. टोइंगवाला येईपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून बारीक अक्षरं वाचली. चवीला गोड. प्राण्यांना विषारी, किडन्या निकामी होतात. सांडल्यास ताबडतोब धुवा.

घरी आलो तर बायकोने शर्ट धुवायला काढलेला, वॉशर टेबलावर.

संध्याकाळी काकू आल्या. म्हणाल्या, त्याचं दुखणं आधी तूच ओळखलंस, तुझे उपकार कसे फेडू? बायको दारात उभी होती. मी म्हणालो, शेजारधर्म आहे, काकू.

त्या गेल्यावर बादली घेऊन खाली गेलो. धुण्यासारखं काही नव्हतं. फरशी चाटून स्वच्छ झाली होती.