कडेची सव्विसावी खुर्ची

प्रिय दादा,

आठ दिवस तू जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसतोस आणि माझ्याकडे पाठ करून डबा उघडतोस. विभागप्रमुखाला शोभतं का हे? मला हसू येतं, वाईटही वाटतं. पण मी माघार घेतलेली नाही.

पंख आणि पोट एकच असलेलं, एका ओळीत सव्वीस खुर्च्या मावणारं, आपण दोघांनी आखलेलं ते विमान माझंही लाडकं आहे. बाबा गेले त्या महिन्यात घरी बसवत नव्हतं, म्हणून आपण दोघं ऑफिसच्या फरशीवर पुठ्ठ्याच्या खुर्च्या सरकवत बसायचो. त्यातूनच ती ऐसपैस, बिनखिडक्यांची केबिन उभी राहिली. मग तू लाकडी नमुन्यात दोनशे माणसं बसवलीस आणि सगळ्यांनी ‘आरामदायक’वर खूण केली. करणारच! केबिन जमिनीला खिळलेली होती. विमान वळताना कलतं, तेव्हा मधल्याला काही कळत नाही; कडेचा मात्र दीड मजला वर जातो आणि तसाच खाली येतो.

म्हणून मी तोच नमुना विमानासारखा कलणाऱ्या चौथऱ्यावर चढवला. आईला आपल्या पोरांनी काय बनवलंय ते बघायचंच होतं. ती हट्टाने सव्विसाव्या खुर्चीत बसली. तिसऱ्या वळणाला तिला भडभडून उलटी झाली. तोंड पुसून तिने विचारलं, इथे कोण बसणार? मी म्हटलं, ज्याला जागा निवडता येत नाही तो. मग हे सगळं लिहून काढ म्हणाली, आणि खाली स्वतः सही केली. तू म्हणतोस, आईचं पोट नाजूक. पाच जणांचा संसार ओढणारी बाई नाजूक कधीपासून झाली रे?

काल तुझा अहवाल माझ्या टेबलावर आला. ‘दोनशे जणांची चाचणी हलत्या केबिनमध्ये घेतली’ असं त्यात धडधडीत खोटं लिहिलंय. खाली तुझी सही, तिच्याखाली माझ्यासाठी मोकळी जागा. ती मोकळीच राहील. दोन्ही कडांच्या दोन-दोन खुर्च्या काढ, एवढंच मी पहिल्यापासून मागतेय. उद्या अकराला तपासणी समिती येते आणि मी आईचा कागद त्यांच्यापुढे ठेवणार आहे. तुझी नोकरी जाईल, कदाचित माझीही. पाठीमागून वार करायचा नाही, म्हणून हे पत्र. दहापर्यंत ती सही तुझ्या हाताने खोड. नाहीतर अकराला मी तुझं नाव घेऊन बोलेन, आणि तुझ्याकडे बघत बोलेन.

तुझीच,
भांडकुदळ