मूळपुरुष

तीर्थरूप आप्पा,

राणीसावरगावच्या आपल्या शेतातला शिलालेख वाचायला काल परभणीहून एक बाई आल्या. दादानं मला बोलावलं, तुमाला कळू दिलं न्हाई. यादवांचे सामंत म्हणवणाऱ्या आपल्या घराण्याचा मूळपुरुष गुराखी होता, आप्पा! राजाची गुरं चोरांकडून सोडवली, म्हणून त्याला गावं मिळाली. नातू मानपानावरून आपसात लढून मेले अन् वतन गेलं. हे सगळं त्याच्या पणतीनंच कोरवून ठेवलंय. तिला का सांगावं वाटलं असंल?

गुराख्याच्या पोराशी लग्न केलं म्हणून तुमी मला तोडलं. आत्ता हे म्हणायलेत, "टाक की पत्र पोस्टात."

मी न्हाई म्हणले. आई गेल्यापासून तुमच्याजवळ तेवढाच तोरा उरलाय.

तुमची लेक,
राजनंदिनी