धाकटीच्या बांधाआडची माझी माती

मी, वरच्या शेताची मालकीण, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. माझ्या धाकट्या जावेचे मत वेगळे असेल, पण तिला कोणी विचारलेले नाही. वकिलांनी एक मसुदा दिला होता. त्यात धाकटीबद्दल एक शब्द नव्हता, म्हणून तो बाजूला ठेवला. याआधीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे मुलाला दिले होते, ते या कागदाने रद्द समजावे.

एक. राहते घर मुलाला द्यावे. मागच्या खोलीतलं कपाट खिडकीसमोर आहे, ते चुकून नाही. त्या खिडकीतून धाकटीचं शेत दिसतं.

दोन. बँकेतली ठेव सुनेला. आमच्या घरात धाकटीच्या शेताचं कौतुक न केलेली ती एकटीच. एकदाच तिकडे निघाली होती, चप्पल चिखलात रुतली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. गुणाची पोर आहे.

तीन. लोखंडी नांगर भंगारवाल्याला द्यावा. हा ह्यांच्या हातचा. ह्यांना वरून खाली सरळ तास ओढायची भारी हौस. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, शेत आहे की पट्टीने आखलेली वही. पाणीही त्याच रेघांनी खाली धावायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. थर जाड होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

चार. वरचे शेत. याबद्दल सविस्तर लिहिते, वकिलांनी माफ करावे.

वाटणीत सासऱ्यांनी आम्हाला वरची, काळी, भुसभुशीत जमीन दिली आणि धाकट्या दिराला खालचा दगडगोट्यांचा तुकडा. धाकटी तेव्हाही हसत होती, आणि हसण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. मग तिने उताराला आडवे बांध घातले, बांधांवर गवत लावलं, पेरणीही आडवी केली. कापणी झाली की आम्ही सगळे शेत लख्ख करायचो. ही मात्र धसकटं आणि पाचोळा तसाच ठेवायची, जमीन उघडी पडू नये म्हणून. मी तिला आळशी म्हटलं. चारचौघांत म्हटलं.

वर्षं गेली तसा माझ्या शेताचा थर उतरत गेला. आता कुदळ मारली की ठणकन आवाज येतो. तिच्या पहिल्या बांधाआड मात्र माती साचून साचून तिला तो बांध तीनदा उंच करावा लागला. ती माती कुठून आली हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. तिचं सगळ्यात चांगलं पीक नेमकं तिथेच येतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हल्ली बसमधून लोक तिचं शेत बघायला येतात. रस्ता वरच्या अंगाला असल्यामुळे माझ्या शेतातून जातात. शेतीखात्याचे साहेब एकदा माझ्या शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहून त्यांना म्हणाले, "हे आधीचं, आणि ते खाली दिसतंय ते नंतरचं." माझं अख्खं आयुष्य म्हणजे आधीचं! वर प्यायला पाणी माझ्याकडेच मागितलं. ह्यांनीसुद्धा शेवटच्या आजारपणात खुर्ची तिच्या बांधावर न्यायला लावली. तिथे गार वाटतं म्हणे. मी शेजारी छत्री धरून उभी होते आणि आतून जळत होते.

मागच्या वर्षी मी तिला तोंडावर सांगितलं की ती माती माझी आहे, परत दे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "न्या ना, ताई," ती म्हणाली. "मीच आणून टाकते. पण वर अडवायला काही नसेल, तर परत माझ्याकडेच येईल." पुढे कितीतरी दिवस मला घास गोड लागला नाही.

मुलाला शेती नको. त्याने मला न दुखवता सांगितलं की तिथे आता दगडच उरलेत आणि खडीवाला विचारतो आहे. म्हणजे जमीन फोडणार, आणि सगळा राडारोडा उतारावरून धाकटीच्या बांधांवर जाणार. ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? दोन दिवस मी गुणगुणत कामं केली. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना डोक्यात आलं की गाडली जाणार ती माझी माती. चांगली होती ती जमीन. तिच्यातलं जे काही जिवंत उरलंय ते तिथे आहे, त्या बयेच्या बांधाआड, आणि ते मी खडीखाली घालू?

म्हणून वरचे शेत, त्यातल्या सर्व दगडांसह, मी माझ्या धाकट्या जावेस देत आहे. वकील म्हणाले, अशा ठिकाणी 'प्रेमापोटी' असं लिहायची पद्धत आहे. मी 'मत्सरापोटी' लिहिते. ही लेखनातली चूक समजू नये.

अटी अशा. शेत खडीवाल्याला किंवा आणखी कोणाला विकता येणार नाही. खालून माती आणून वर टाकायची नाही, एक पाटीसुद्धा नाही. पहिला बांध अगदी माथ्यावर, इथल्याच दगडांचा, उताराला आडवा घालायचा. आजवर तिला वरून आयतं मिळत गेलं. या शेताच्या वर कोणाचंच शेत नाही. बघू आता काय करते ते.

मी असेपर्यंत तिला यातलं काही कळू देऊ नये. ती आभार मानायला येईल, आणि ते मला सोसणार नाही.

तिला हे जमणार नाही असं मला मनापासून वाटतं. जमलंच, तर ते बघायला मी नसेन. मरणात एवढी एक सोय आहे, ती मी घेते.

सही: वरच्या शेताची मालकीण

साक्षीदार, ज्यांच्यासमोर ही सही झाली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. ट्रॅक्टरवाला (सही)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: पेरणीआधीच्या आठवड्यातला मंगळवार