शिडीवरचे माझे हात

लातूर, गुरुवार, अश्विन वद्य षष्ठी

धोंडिबा पिऊन शिडीवर चढला, असा ठपका आज सकाळी शाळेच्या चौकशीत ठेवला गेला आणि मी, मुख्याध्यापिका, गप्प बसले. ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

यंदा पाऊस नाही. शाळेच्या अंगणातला कडुलिंब अर्धा वाळला. वाळकी फांदी मुलींच्या डोक्यात पडू नये म्हणून ती तोडायला शिपायाला, धोंडिबाला, मीच चढवलं. खाली कुणी शिडी धरल्याशिवाय चढायचं नाही, हा नियमही माझाच. सोमवारी धरायला मीच उभी होते. धोंडिबा वरून म्हणाला, "बाई, पडलो तर उलट मलाच अंगठे धरायला लावाल!"

तेवढ्यात नव्यानेच झालेल्या आमच्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांची जीप फाटकाशी आली. पदर सारखा करायला मी हात काढले. दोन्ही हात. एका हाताने झाला नसता का?

शिडी सरकली, धोंडिबा खाली आला. त्याचं कमरेचं हाड मोडलं.

आज दुपारी दवाखान्यात त्याची बायको गया म्हणाली, "बाई, थेंब घेतला न्हवता ओ त्यांनी. तुमी तर व्हतात की तिथं." तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझाच पाय घसरला. बाईंना कशाला इचारती?" आपली नोकरी जाणार हे ठाऊक असूनही मला झाकत होता. दोन्ही हात काढले मी, हे त्याने वरून पाहिलं होतं.

पाच वाजता संस्थेच्या चिटणीसांकडे गेले. "शिडी मी सोडली. धोंडिबा शुद्धीत होता." एवढं सहीनिशी लिहून त्यांच्या हातात दिलं. सोबत शाळेच्या किल्ल्या.