पोटदुखीचं संशोधन

१० जून
ठरलं. पीएचडी याच महिन्यात संपवायची. विषय: 'रुग्णांना येणारा शुश्रूषेचा अनुभव'. शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपते. गाइड उईके मॅडम फोनवर म्हणाल्या, जाहिद, नर्सिंग कॉलेजात शिकवून शिकवून तुम्ही पेशंट विसरलात, वॉर्डात जाऊन बसा. मी बसणार नाही. झोपणार. स्वतःच पेशंट म्हणून अ‍ॅडमिट होणार. चंद्रपुरात हे कोणाला सुचलं नसेल. भारतातही बहुधा नाही.

११ जून
शाळेतला दोस्त डॉ. कय्यूम, आरमोरीला त्याचा छोटा दवाखाना आहे. आधी खूप हसला, मग तयार झाला. अपेंडिक्सची लक्षणं मी दरवर्षी शिकवतो, तीच करणार. बायकोला, रुखसारला, सांगितलं, पुण्याला वर्कशॉप आहे. तिने विचारलं, मग लुंगी कशाला? उत्तर टाळलं. संशोधनात गुप्तता लागते.

१२ जून
अ‍ॅडमिट झालो. नाव बिरजू, काम मजुरी. केस विस्कटलेले. कोणी ओळखलं नाही. ड्यूटीवरची सिस्टर पुनम माझीच जुनी विद्यार्थिनी, तीसुद्धा फसली. 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली खरी, पण हल्ली पेशंटलाही सर म्हणत असतील. चांगली पद्धत.

१३ जून
शेजारच्या खाटेवर मुखरूभाऊ. धानाच्या बांधावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. मुलाखत घेतली. सेवा घेताना मनात कोणत्या भावना येतात? म्हणाले, "पाय खाजून राह्यला ना बाप्पा." सहभागी मोकळेपणाने बोलतो. नंतर त्यांनीच विचारलं, "मजुरी करता म्हनता, मंग हात काऊन एवढे नरम?" हातमोजे घालतो म्हणालो. पटलं असावं. बराच वेळ हसत होते.
अडचण एकच. अपेंडिक्स म्हणून पुनमने खाणं बंद केलंय. नुसती सलाईन.

१४ जून
भुकेमुळे थिअरी सुचत नाही. मुखरूभाऊंच्या बायकोचा, भागीरथाबाईंचा, डबा समोर. लाखोळीच्या डाळीचे वडे. त्या नळावर गेल्या. चार खाल्ले. कदाचित पाच. परत आल्यावर म्हणाल्या, "मांजर आली वाट्टे." मीही मांजरीला नावं ठेवली.

१५ जून, दुपार
पोट खरंच दुखतंय. उजवीकडे, खाली. वडे नव्हेत. पुनमला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "सर, आमाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता एवढं नका ना ताणू." धक्का बसला. पोट आणखी दुखलं. कय्यूमने दाबून पाहिलं, मी किंचाळलो. "क्या अ‍ॅक्टिंग है यार!" म्हणाला आणि जेवायला गेला.

१५ जून, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो. उलट्या, थंडी. ताप अ‍ॅक्टिंगने येत नाही हे सांगायला तोंड उघडलं की उलटी. शेवटी मुखरूभाऊंनी कुबडी खाटेवर आपटून दवाखाना गोळा केला. "हा मास्तर खोटारडा आहे, पन आता खोटं नाई बोलून राह्यला! पाहा ना त्याले!" पुनमने कपाळाला हात लावला. तिचं हसू गेलं. कय्यूमला बोलवायला धावली.

१६ जून
ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. कय्यूम रडला, मला सॉरी म्हणाला. त्याला माफ केलं. मोठ्या मनाचा आहे मी. कय्यूमने फोन केल्यावर रुखसार आली. म्हणाली, पुणं आरमोरीपर्यंत कधी वाढलं? मग तोंड फिरवून तीही रडली.
आता मी खरा पेशंट. अस्सल डेटा. पण आठवतंय काय? भूल चढेपर्यंत मी पुनमला सारखं विचारत होतो, मरणार नाही ना? ती काय म्हणाली ते आठवत नाही. तिने हात सोडला नव्हता, तेवढं आठवतं. हे कोणत्या चॅप्टरमध्ये टाकायचं?

१७ जून
उईके मॅडम भेटायला आल्या. शांतपणे म्हणाल्या, खोटा पेशंट होऊन गोळा केलेलं कमिटी घेणार नाही. आता नवीन काही या महिन्यात व्हायचं नाही. रजिस्ट्रेशन गेलं समजा. मी म्हणालो, फक्त मांडणी बदलावी लागेल.
तेवढ्यात पुनमने विचारलं, "सर, आता कसं वाटून राह्यलं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक सखोल उत्तर मनात जुळवत होतो. त्याआधीच आवाज झाला. मोठा.
"सरचा गॅस पास झाला!" पुनम आनंदाने ओरडली. आतडं सुरू झालं म्हणे. भागीरथाबाईंनी देवाला हात जोडले. मुखरूभाऊंनी टाळ्या वाजवल्या. रुखसार कालपासून पहिल्यांदा हसली. उईके मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन."
त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला किती वर्षं थांबलो होतो.
संध्याकाळपासून मला पाणी प्यायची परवानगी.